होय म्हणणाऱ्याचे वारस

तळीवाडी, पूर्णगडाजवळ
ता. १० जानेवारी २०२५

शौनक,

फोन केला की तुझी मीटिंग चालू असते, आणि फोनवरचं बोलणं उद्या कुणाला दाखवता येत नाही. म्हणून पत्र. पूर्ण वाच, अर्ध्यात टाकून देऊ नको.

तुमच्या कलमांना मोहोर आलाय. राखण द्यायची वेळ झाली. आमचे सासरे श्रावणात गेले, तुझे बाबा दिवाळीत गेले, पण बागेचा राखणदार कुठे गेलेला नाही. तो चिंचेखाली दगड होऊन बसलाय तसाच बसलाय आणि वाट बघतोय.

तुला कागदाचं ठाऊक नसेल तर सांगते. चौऱ्याहत्तर साली तुझे आजोबा नरहरपंत आणि आमचे सासरे भागोजी पाष्टे यांनी स्टँपावर लिहून ठेवलंय. तुमच्या बागेच्या राखणदाराला कोंबडा लागतो आणि तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आम्हाला उन्हाळ्यात पाणी नाही आणि तुमच्या बागेत बारमाही विहीर. म्हणून ठरलं, की दरसाल आंबे उतरायच्या आधी कोंबडा आणि गाऱ्हाणं आम्ही द्यायचं. गाऱ्हाणं संपेपर्यंत समोर उभं राहून मोठ्याने "होय महाराजा" तुम्ही म्हणायचं. बदल्यात विहिरीचं पाणी आणि पाखाडीची वाट आमची. दोन्हीकडच्या वालीवारसांना आणि बाग ज्याच्या हाती जाईल त्याला हे लागू. एक साल जरी गाऱ्हाणं झालं नाही तर कागद रद्द.

आता आमच्याकडून उरले मी. नवरा आधीच गेला, पोरगी सानवी मुंबईत. गाऱ्हाणं मी घालीन. तुमच्याकडून उरलास तू. तेव्हा ये आणि होय म्हण. होय म्हणायला कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं होत नाही, ती नुसती बडबड होते.

आमच्या परड्यातली विहीर शिमग्याला तळ दाखवते. दिवस कळव.

गोदा पाष्टे


पुणे
२२ जानेवारी २०२५

गोदाकाकी, नमस्कार.

पत्र मिळालं. किती वर्षांनी कुणी हाताने लिहिलेलं पत्र आलं! भागोजीआजोबांची आठवण आली. ते गाऱ्हाणं घालायचे तेव्हा मी बाबांच्या मागे लपायचो.

काकी, मला रजा मिळणं अवघड आहे. पण तुमची अडचण व्हायला नको म्हणून दोन गोष्टी सुचवतो. एक, कोंबडा मी इथून ऑनलाइन पाठवतो. साफ केलेला, बर्फात पॅक करून येतो, तुम्हाला काही करावं लागणार नाही. दोन, शेवटची दोन वर्षं बाबा इथूनच फोनवर "होय महाराजा" म्हणायचे, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आवाज खणखणीत आहे. सानवीच्या मोबाइलवर पाठवतो, ती तुम्हाला देईल. दगडासमोर लावा.

खरं सांगायचं तर एका वकील मित्राला कागदाबद्दल विचारलं. तो म्हणाला, काही करार माणसाच्या अंगच्या गुणावर चालतात. चित्रकाराने चित्र काढून द्यायचं कबूल केलं आणि तो वारला, तर त्याच्या मुलाला कुंचला हातात घ्यायला कुणी सांगू शकत नाही. तसं भागोजीआजोबांचं गाऱ्हाणं त्यांच्याबरोबर गेलं आणि आमच्या आजोबांचं होय त्यांच्याबरोबर. त्यामुळे तुम्हीही यातून मोकळ्या आहात. ओझं वाटून घेऊ नका. पाण्याचं काहीतरी बघू.

तुमचा,
शौनक


तळीवाडी
ता. ३० जानेवारी

शौनक,

राखणदार काय हाटेलात बसलाय, बर्फातला कोंबडा खायला? त्याला उभा, ओरडणारा कोंबडा लागतो.

रेकॉर्डिंग ऐकलं. तुझ्या बाबांचा आवाज ऐकून मी चुलीपुढे बसून रडले. पण मेलेल्या माणसाचा होकार कसा चालेल? तो कशाला होय म्हणतोय ते त्याला ठाऊक तरी आहे का? मी म्हटलं देवा शौनकला टक्कल पडू दे, तरी ते होयच म्हणणार.

आणि तुझा तो चित्रकार. अरे बाबा, गाऱ्हाणं घालायला अंगात काहीतरी लागतं हे मी मानते. ते आहे की नाही ते माझं मी बघते. पण होय म्हणायला कसली कला लागते? तुझे आजोबा होय म्हणण्यात कुणापेक्षा हुशार होते असं मी तरी ऐकलं नाही. वर कागद लिहून देणाऱ्या मास्तरांनी त्यात वालीवारस असा शब्द घातलाय, तोही दोनदा. गुण माणसाबरोबर जाणार हे मास्तरांना कळत नव्हतं का?

शिवाय तू म्हणतोस मी मोकळी. मला कुणी मोकळं व्हायला सांगितलंय? मी मोकळी झाले की पाणीपण मोकळं. तू नुसता पुण्यात गप बसलास की कागद रद्द, आणि कागद रद्द झाला की फायदा तुझा. स्वतः चुकायचं आणि चुकीचं फळ स्वतःच खायचं, हे कुठे शिकलास?

आता दुसरं. परवा बागेत चौघेजण आले होते. टेप लावून मोजलंनी, चुन्याने रेघा मारल्यानी. मी विचारलं कोण तुम्ही, तर एकजण म्हणाला, मावशी, इथे स्विमिंग पूल येणार. मी म्हटलं, आधीच विहीर आहे. तर हसले.

बाग विकलीस काय? सरळ लिही.

गोदा


पुणे
१४ फेब्रुवारी

गोदाकाकी,

हो, विकली. डिसेंबरातच. आधी सांगायला हवं होतं. तुमच्याकडे बघून तोंडातून निघालं नसतं, आणि पत्रात तर त्याहून निघेना.

लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड नावाची ठाण्याची कंपनी आहे. चौऱ्याहत्तरच्या कागदाची बाबांकडची प्रत मी त्यांना दिली आहे, आणि खरेदीखतात लिहून घेतलंय की बागेवरचे सगळे हक्क आणि बोजे त्यांच्याकडे गेले. म्हणजे विहीर त्यांची, राखणदार त्यांचा, आणि होय महाराजा म्हणण्याची जबाबदारीही त्यांची. मी आता यात कुठेच नाही. माझ्यावर राग धरू नका.

शौनक


तळीवाडी
ता. २० फेब्रुवारी

शौनक,

राग धरायला मला वेळ नाही, विहिरीत दोन हात पाणी उरलंय.

एवढंच विचारते. होय म्हणणारा बदललास, तर ज्याला ते होय ऐकायचंय त्याला विचारलंस? मला नाही विचारलंस आणि त्या चिंचेखालच्यालाही नाही. हक्क कुणालाही दे, तुझा माल आहे. पण जे करायचं तुझ्यावर आहे ते दुसऱ्याच्या गळ्यात घालून तू निघून कसा जातोस? ती कंपनी मुकी निघाली तर मी काय करू?

तेव्हा ऐक. मी तुला सोडलेलं नाही. कंपनी म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर पुण्याहून येऊन तुला म्हणावं लागेल. घसा सांभाळ.

गोदा


लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड
विधी विभाग, ठाणे
दि. ४ मार्च २०२५

श्रीमती गोदावरी पाष्टे यांस,

विषय : मौजे तळीवाडी येथील बागेसंबंधी दि. ५ फेब्रुवारी १९७४ चा करारनामा.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर करारातील कलम तीननुसार बागमालकाने "स्वतः जातीने उभे राहून मोठ्याने" होकार उच्चारणे बंधनकारक आहे. आमची कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती असून तिला शरीर नाही, सबब ती उभी राहू शकत नाही. तसेच तिला तोंड नाही, सबब ती उच्चार करू शकत नाही. जी गोष्ट करणे अशक्य, तिचा करार टिकत नाही. अतएव सदर करार संपुष्टात आला आहे असे समजावे.

विहिरीस सुरक्षेच्या कारणास्तव जाळी व कुलूप लावण्यात आले आहे. पाखाडीचा वापर करू नये.

आपली विश्वासू,
ॲड. तेजस्वी सुर्वे
विधी अधिकारी


तळीवाडी
ता. १२ मार्च

तेजस्वी सुर्वे यांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कंपनीला तोंड नाही असं लिहिलंय. बरं. मग हे पत्र कुणी लिहिलंन? कंपनीला हात नाहीत म्हणता, मग कुलूप कुणी लावलंन? पाय नाहीत, तर माझा कुंपणाचा दगडी गडगा लाथ मारून पाडलान कुणी? घ्यायच्या वेळी सगळे अवयव आहेत आणि द्यायच्या वेळी एकपण नाही, असलं जनावर मी आमच्या रानात तरी बघितलेलं नाही.

कुलूप लावायला माणूस पाठवता तसा होय म्हणायला पाठवा.

आमची विहीर आटली. मी पऱ्याचा ओढा ओलांडून पलीकडून पाणी आणते, एका खेपेला पाऊण तास, आणि माझा गुडघा सुजलाय. घरात दोन गाई आहेत. त्या कायद्याने निर्माण केलेल्या नाहीत, त्यांना तहान लागते.

एक गोष्ट तुमच्या साहेबांना सांगा. तुम्ही जेसीबी आणून आठ दिवस झाले, तो अजून उभा आहे. ड्रायव्हर आमच्या शेजारच्या वाडीतला. राखण दिल्याशिवाय तो त्या जमिनीला दात लावणार नाही. गवंडी नाही, सुतार नाही, कुणीच हात लावणार नाही. मी कुणाला काही शिकवलेलं नाही. त्यांना विचारा.

गोदा पाष्टे


लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड
ठाणे, दि. २७ मार्च २०२५

श्रीमती गोदावरी पाष्टे यांस,

प्रकल्पाच्या ठिकाणी तेवीस दिवसांपासून काम बंद असल्याने संचालक मंडळाची तातडीची बैठक झाली. तीत पुढील ठराव एकमताने संमत झाला :

"कंपनीच्या वतीने ॲड. तेजस्वी सुर्वे यांनी तळीवाडी येथे उपस्थित राहून 'होय महाराजा' असे मोठ्याने म्हणावे. सदर उच्चार तीन वेळांपेक्षा अधिक नसावा. आवाजाची पातळी सुर्वे यांनी स्वविवेकाने ठरवावी."

रविवार दि. ६ एप्रिल ही तारीख निश्चित करावी. तसेच गाऱ्हाण्याचा मसुदा मंजुरीसाठी सात दिवस आधी पाठवावा.

ॲड. तेजस्वी सुर्वे


तळीवाडी
ता. ३१ मार्च

तेजस्वी सुर्वे यांस,

तारीख चालेल. मसुदा मिळणार नाही. गाऱ्हाणं लिहून देत नाहीत. उभं राहिल्यावर जे तोंडाला येतं ते.

डोक्याला रुमाल बांधून या, ऊन असतं. उंच टाचेची चप्पल नको, पाखाडीचे दगड निसटलेत.

गोदा पाष्टे


लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड
ठाणे, दि. ९ एप्रिल २०२५

श्रीमती गोदावरी पाष्टे यांस,

विषय : दि. ६ एप्रिल रोजीच्या गाऱ्हाण्याबाबत तीव्र हरकत.

कंपनीस तीन होकारांची अपेक्षा असताना आपण प्रत्यक्षात अकरा बाबी मांडल्या. प्रत्येक बाबीनंतर आपण थांबून अधिकाऱ्याकडे पाहत होतात. त्याच वेळी सुमारे चाळीस ग्रामस्थ, जेसीबीचालक, गवंडी आणि कंपनीचा स्वतःचा सुरक्षारक्षक हे सर्वजण एका आवाजात होय महाराजा म्हणत होते. अशा वातावरणात अधिकाऱ्याला चौथ्या वेळी तोंड बंद ठेवणे मानवी दृष्ट्या शक्य झाले नाही. तिने अकराही वेळा होय म्हटले.

कंपनीचे म्हणणे असे की, ठरावाप्रमाणे फक्त पहिले तीन होकार कंपनीवर बंधनकारक आहेत : (१) दिलेली राखण देवाने मानून घ्यावी, (२) कलमांना फळ धरावे, (३) वानरांपासून बागेचे रक्षण व्हावे. यांस कंपनीची हरकत नाही. विहीर ही सहावी बाब होती. ती अधिकाराबाहेरची असल्याने कुलूप कायम राहील.

आपली,
ॲड. तेजस्वी सुर्वे

ता.क. : हे माझ्या हाताने लिहितेय, फाइलमध्ये नाही. काकी, अकरावं मी मनापासून म्हटलं. आणि कोंबडा उडाला तेव्हा तुम्ही मला धरलंत, नाहीतर मी विहिरीच्या जाळीवर पडले असते.


तळीवाडी
ता. १५ एप्रिल

तेजस्वी,

तू पोरगी बरी आहेस, पण पत्र कंपनीला आहे, तेव्हा कंपनीने ऐकावं.

गाऱ्हाण्याच्या सकाळी आमचे मानकरीसुद्धा नाक मुरडत होते, बाईमाणसाने कधी गाऱ्हाणं घातलंय काय म्हणून. मी म्हटलं, नाना, कागदात वालीवारस लिहिलंय, मिशा लिहिलेल्या नाहीत. नको असेल तर रोज चार खेपा पाणी तुम्ही आणा. मग सगळ्यांत मोठ्याने होय तेच म्हणत होते.

आता तुमचे तीन. तुम्ही ठाण्यात बंद खोलीत बसून काय ठरवलंत ते मला कुठून ठाऊक? तुमचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं म्हणाल. मी ते मानलं असं कुठे कळवलं? मी तारीख मानली, बाकी काही नाही. आणि त्या दिवशी जमलेल्या चाळीस माणसांना तर तेही ठाऊक नव्हतं. तुम्ही दारात एक बाई उभी केलीत, म्हणालात ही आमचं तोंड. ते तोंड अकरा वेळा उघडलं. आता म्हणता तोंड आमचंच, पण चौथ्यापासून दुसऱ्याचं. तुमच्या माणसाला तुम्ही घरात काय बजावलंत तो तुमचा घरचा मामला. बाहेरच्याने बाहेर जे ऐकलं ते खरं.

शिवाय कागद काढून वाचा. गाऱ्हाणं "संपेपर्यंत" होय म्हणायचं असं आहे. तीनवर थांबलात असतात तर तुम्ही कागद मोडला असता. तेजस्वी अकरापर्यंत म्हणाली म्हणून तुम्ही वाचलात. तिला पेढे द्या.

आणि जेसीबी तर दुसऱ्याच दिवशी चालू झाला, तो बरा चालतो. मग तो कुठल्या होयवर चालला? चौथ्या. कामकऱ्यांच्या हातापायाला इजा होऊ नये असं चौथं होतं. तुमच्या हिशोबाने ते रद्द. त्या ड्रायव्हरला सांगू काय, की तुझ्या हातापायाचं कंपनीला बंधन नाही?

माझी एक गाय आटली. गुडघ्याला पाला बांधून पाणी आणते. लवकर काय ते करा.

गोदा पाष्टे


लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड
ठाणे, दि. २८ एप्रिल २०२५

श्रीमती गोदावरी पाष्टे यांस,

ॲड. तेजस्वी सुर्वे यांनी दि. १८ एप्रिलपासून कंपनीची सेवा सोडली आहे. त्यांच्या जागी मी रुजू झालो आहे. त्यांनी दिलेल्या कागदपत्रांत आपल्या प्रकरणाच्या फाइलवर फक्त "होय महाराजा : ११" एवढाच शेरा आहे. आपला दि. १५ चा पत्रव्यवहार वाचून ड्रायव्हरला काहीही सांगू नये अशी वरिष्ठांची नम्र विनंती आहे.

कंपनीने नेमके कशाकशाला होय म्हटले आहे, याची पूर्ण नोंद आमच्याकडे नाही. श्रीमती सुर्वे फोन उचलत नाहीत. तरी ती माहिती आपणच कृपया लेखी कळवावी. आपण कळवाल ते अभिलेखात घेण्यात येईल. तोपर्यंत कुलपाचा निर्णय प्रलंबित आहे.

आपला विश्वासू,
गुरुप्रसाद नाचणकर
विधी अधिकारी


तळीवाडी
ता. ३ मे

गुरुप्रसाद नाचणकर यांस,

तुमचं पत्र सानवीला वाचून दाखवलं, ती सुट्टीला आलीये. ती म्हणाली, आई, आता काय हवं ते लिही, पंचवीस लिही, त्यांना ठाऊकच नाही. मी म्हटलं, त्यांना ठाऊक नाही, पण मी कुणासमोर बोलले ते मला ठाऊक आहे.

पहिली तीन तुमच्याकडे आहेत, चौथं मागच्या पत्रात सांगून झालंय. पाचवं, शौनक फणसळकर पुण्यात सुखात राहू दे. तो त्या दिवशी आला होता. कुणाला न सांगता मागे फणसाला टेकून उभा होता, आणि आवाज त्याच्या बापाचा लागला होता. सहावं, विहिरीचं कुलूप निघू दे. सातवं, पाखाडी मोकळी राहू दे. आठवं, पाडलेला गडगा पुन्हा रचून मिळू दे. नववं, विहिरीच्या वरच्या अंगाला संडासाची टाकी नको. तुमच्या नकाशात ती तिथेच आहे, तुमचे पाहुणे तेच पाणी पितील, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? दहावं, चिंच तोडायची नाही. अकरावं, समोर उन्हात उभी आहे त्या पोरीला जिथे तिचं मन लागेल तिथे काम मिळू दे.

ती फोन उचलत नाही म्हणता. उचलणार नाही.

एवढंच. बारावं नाही.

आता तुमचं. तेजस्वीच्या खुर्चीत बसलात, पगार घेताय, मग तिने म्हटलेले अकरा होय पण तुमच्याकडे आले. पण तुम्ही ते स्वतः कधी म्हटलेले नाहीत, म्हणून तुमचा हात सहीला अडतोय, मला दिसतंय. तेव्हा एक करा. ही यादी समोर धरा, उभे राहा आणि एकेकाला मोठ्याने म्हणा. तिकडेच, ऑफिसात. मनात नको. कुणी हसलं तर त्यालापण उभं करा.

गोदा पाष्टे


लाटाकिनार रिट्रीट्स प्रायव्हेट लिमिटेड
ठाणे, दि. ९ मे २०२५

श्रीमती गोदावरी पाष्टे यांस,

आपल्या दि. ३ च्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, दि. ८ मे रोजी जेवणाच्या सुट्टीनंतर मी माझ्या टेबलाजवळ उभे राहून आपली यादी वाचली. पहिल्या दोन बाबींना मी एकटा होतो. तिसऱ्या बाबीला हिशेब विभागातील दोघे हसले, त्यांना आपल्या सूचनेप्रमाणे उभे करण्यात आले. त्यांतील एकजण मूळचे देवरूखचे निघाले, त्यांचा सूर चांगला होता. पाचव्या बाबीपर्यंत संपूर्ण मजला सहभागी झाला. सहाव्या बाबीला व्यवस्थापकीय संचालक काय गोंधळ आहे हे पाहण्यास केबिनबाहेर आले. विहिरीचे कुलूप निघू दे, असे मी वाचले आणि सर्वांबरोबर तेही होय महाराजा म्हणून गेले. नंतर त्यांनी विचारले, "मी आत्ता काय मान्य केलं?" मी सांगितले.

त्यांनी त्याच कागदावर सही केली.

गडगा रचण्यास गवंडी सोमवारी येईल. टाकीची जागा बदलण्याचे आर्किटेक्टला कळविले आहे. पुढील वर्षी गाऱ्हाण्यास कोणी उपस्थित राहावे याबद्दल कार्यालयात पाच जणांनी अर्ज केले आहेत.

कुलपाची किल्ली सोबत जोडली आहे. दुसरी किल्ली नाही, सबब आमच्या सुरक्षारक्षकाला पिण्याचे पाणी आपल्याकडून मिळावे ही विनंती. किल्लीची पोच द्यावी.

आपला,
गुरुप्रसाद नाचणकर


तळीवाडी
ता. १४ मे

गुरुप्रसाद,

किल्ली पोचली. पाणी खाली गेलंय, पण आहे.

रखवालदाराला सकाळी सातला भांडं घेऊन यायला सांगितलंय, त्याच्यानंतर मी थांबत नाही. पोच उशिरा देतेय, कारण आधी गाईंना पाजलं, मग माझे पाय धुतले, आणि मग लिहायला बसले.

गोदा पाष्टे